मालेशेविच नावाचा मुलगा

सोलापूर-धुळे महामार्गानं येडशी मागं टाकून बीडकडे निघालं की वाशी तालुक्यातलं तेरखेडा लागतं. फटाक्यांचं गाव. दिवाळीच्या तोंडावर इथं लांबून लांबून गिऱ्हाईक येतं. तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातली काही माणसं अजून आहेत. त्यांच्या लहानपणी मात्र बाराचा आवाज आला की मुलं बाहेर धावत नसत, त्यांना ओढून आत घेतलं जायचं. या पिढीच्या तोंडी त्या काळाला तारीख नसते. ‘रझाकारीत’ म्हणतात, किंवा ‘अ‍ॅक्शनच्या आधी’, ‘अ‍ॅक्शनच्या मागून’. तेवढ्यावर ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं.

वाशी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात. शेजारची बार्शी आधी इंग्रजी मुलूख आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारत. म्हणजे बैलगाडीच्या टप्प्यावर दुसरं राज्य होतं. जमेल त्यांनी बायकामुलं गाडीत घालून तिकडं नेली, ज्वारी पेवात तशीच ठेवून. सरहद्दीलगत स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले. निजामाची बाजू धरून लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र टोळीचा म्होरक्या कासीम रझवी मूळचा लातुरातला वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूनं भारतीय फौज आत शिरली (हीच ती पोलीस ‘अ‍ॅक्शन’), पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं आणि १७ तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. इतकं शाळेच्या पुस्तकात आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर ते ऐकवलंही जातं.

पुढचं ऐकवलं जात नाही. कारवाईच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यांत याच जिल्ह्यात मुसलमानांच्या कत्तली झाल्या, घरं लुटली गेली. दिल्लीहून पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून अहवाल दिला. सगळ्यात जास्त होरपळलेले चार जिल्हे त्यात नोंदले आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. संस्थानभर मिळून २७ ते ४० हजार माणसं गेली असावीत असा समितीचा अंदाज होता, आणि तोही हात राखून केलेला. हा अहवाल पासष्ट वर्षं सर्वसामान्यांच्या नजरेला पडला नाही. त्या काळात उस्मानाबादचे कलेक्टर असलेल्या मोहम्मद हैदर यांच्या आठवणीसुद्धा ‘ऑक्टोबर कू’ या नावानं छापून आल्या त्या २०१२ साली.

हैदर यांचं पुस्तक अधिकाऱ्याचं आहे. आपल्याकडची बाकीची पुस्तकं पुढाऱ्यांची, सत्याग्रहींची, पत्रकारांची. तेव्हा सहा-आठ वर्षांचं असलेल्या पोरानं मोठं होऊन, शिकून-सवरून, आपण जेवढं पाहिलं तेवढंच नेमकं लिहावं असं पुस्तक मात्र सहज हाताला लागत नाही. त्या वयाच्या डोळ्यांना दोन्ही बाजू दिसलेल्या असतात. कुठली सांगायची आणि कुठली गिळायची हे त्यांना पुढे शिकवलं जातं.

तसं पुस्तक मला भेटलं ते फार लांबचं. बुडापेस्टमध्ये वाढलेल्या, पुढे केमिकल इंजिनीयर झालेल्या, कॅलिफोर्नियात शिकवणाऱ्या आणि एक अवाढव्य कंपनी चालवणाऱ्या माणसाचं. अँड्र्यू ग्रोव्ह. इंटेलमुळे हे नाव आपल्या कॉम्प्युटरवाल्या पोरांना ठाऊक असतं, ‘ओन्ली द पॅरानॉइड सर्व्हाइव्ह’ हे त्याचं व्यवस्थापनावरचं पुस्तक एमबीएवाल्यांच्या कपाटात असतं. ‘स्विमिंग अक्रॉस’ फारसं कुणी वाचत नाही. ते २००१ साली आलं, तेव्हा ग्रोव्ह पासष्टीत होता. तोवर कंपनीत बरोबर काम करणाऱ्यांनाही त्याच्या लहानपणाची फारशी कल्पना नव्हती. १९९७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं त्याला वर्षाचा मानकरी ठरवलं, त्यासाठी तो पहिल्यांदा मोकळेपणानं बोलला आणि मग नातवंडांसाठी म्हणून लिहायला बसला.

जन्म २ सप्टेंबर १९३६. नाव आंद्राश ग्रोफ. वडिलांची दुधाच्या धंद्यात भागी, आई हिशेबनीस. घर ज्यू, पण कर्मठ नव्हे. चौथ्या वर्षी मुलाला स्कार्लेट फीवर झाला, कानांत पू झाला, शस्त्रक्रिया झाली आणि ऐकू येणं कायमचं कमी झालं. १९४२ मध्ये वडिलांना सक्तीच्या मजूर पलटणीत घालून रशियाच्या आघाडीवर नेलं. पुढच्या वर्षी कागद आला : बेपत्ता.

एक दिवस बागेत खेळताना बरोबरच्या छोट्या मुलीनं त्याला सांगितलं की येशूला ज्यूंनी मारलं, म्हणून सगळ्या ज्यूंना डॅन्यूब नदीत टाकणार आहेत. ती रागानं बोलत नव्हती. घरात ऐकलेलं तिनं मित्राला सांगितलं, इतकंच. तो रडत आईकडं पळाला. पुस्तकात हा प्रसंग जेमतेम येतो आणि जातो, त्यावर लेखकाची टिप्पणी नाही. मला विचाराल तर या पुस्तकाची सगळी ताकद इथं आहे. आपल्याकडचा लेखक असता तर त्या मुलीवर दोन पानं खर्ची पडली असती.

१९ मार्च १९४४ ला जर्मन फौजा बुडापेस्टमध्ये आल्या. मे ते जुलै या दोन महिन्यांत हंगेरीच्या खेड्यापाड्यांतून आणि लहान शहरांतून ४ लाख ३७ हजारांवर ज्यूंना गाड्यांत भरून नेलं, बहुतेकांना ऑशविट्झला. राजधानीतले मागे राहिले, त्यांच्या छातीवर पिवळी चांदणी आली. ऑक्टोबरात ॲरो क्रॉस या तिथल्या फॅसिस्ट टोळीच्या हाती सत्ता गेल्यावर आईनं खोटे कागद मिळवले आणि मुलाला घेऊन कोबान्या या उपनगरात जाऊन लपली. आता त्याचं नाव आंद्राश मालेशेविच. आईनं ते त्याच्याकडून घोकून घेतलं, कुठून आलो आणि घरी कोण कोण आहे यासकट. जर्मन शिपायानं झोपेतून उठवून विचारलं तरी तेच निघालं पाहिजे. शिवाय आणखी एक ताकीद होती : दुसऱ्या पोरांच्या देखत लघवीला उभं राहायचं नाही. त्याची सुंता झालेली होती. ती दिसली की कागदावरचं नाव कितीही खरं वाटो, उपयोग नव्हता. आठ वर्षांचं पोर खेळता खेळता एकीकडं हे भान ठेवून होतं.

हे वाचताना मराठवाड्यातल्या वाचकाला थांबायला होतं. १९४७-४८ मध्ये इथंही, या ना त्या बाजूला, कपडे आणि टोप्या बदलल्या गेल्या, शरीरावरच्या खुणा तपासल्या गेल्या.

जानेवारी १९४५ मध्ये रशियन आले. तळघरात गोळाबाराखाली दिवस काढणाऱ्यांची सुटका झाली. पहिल्या सैनिकांतला एक जर्मन बोलणारा आणि स्वतः ज्यू निघाला. त्याच्याशी बोलणं झाल्यावर आईनं मुलाला सांगितलं की आता तू पुन्हा ग्रोफ. त्याच दिवसांत दुसऱ्या एका रशियन सैनिकानं आईवर बलात्कार केला. आठ वर्षांच्या मुलाला जेवढं कळलं तेवढंच ग्रोव्ह लिहितो. ज्यांनी वाचवलं त्यांनीच हे केलं. लेखक या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवतो. एकीचा हिशेब दुसरीतून वजा करत नाही. रशियन आले नसते तर आपण उरलो नसतो हे तो नाकारत नाही, आणि म्हणून आईचं झालेलं झाकूनही ठेवत नाही. आपल्या सप्टेंबरच्या भाषणांना हे कधी साधलेलं नाही. तिथं रझाकारांचे अत्याचार सांगणारा नंतरच्या कत्तलींवर गप्प बसतो, आणि कत्तलींवर लिहिणारा बहुतेकदा रझाकारी दोन ओळींत उरकतो.

त्या शरदात वडील परत आले. हाडांचा सापळा झालेला, कपडे फाटके. विषमज्वर आणि न्यूमोनिया अंगावर काढून माणूस उभा होता. या अनोळखी माणसाला बाबा म्हणायचं मुलाला जड गेलं, आणि तेही त्यानं लपवलेलं नाही.

पुढचा भाग, म्हणजे तो इंजिनीयर का झाला, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आंद्राशला खरं तर पत्रकार व्हायचं होतं. पौगंडवयात मुलांच्या एका वर्तमानपत्रात त्याचं लिखाण छापून यायचं, कौतुक व्हायचं. मग कम्युनिस्ट राजवटीत त्याच्या नात्यातल्या एकाला खटल्याविना तुरुंगात टाकलं आणि याचे लेख छापणं एकाएकी बंद झालं. लेख तसेच होते, लिहिणारा तोच. मुलानं धडा घेतला : कुणाच्या मर्जीवर ज्याचं मोल ठरतं त्या धंद्यात पडायचं नाही. रसायनशास्त्रात उत्तर चुकलं तर चुकलं आणि बरोबर आलं तर बरोबर, सत्तेवर कुणी का असेना. मराठी घरांत इंजिनीयरिंगला पाठवतात ते नोकरीसाठी. या मुलानं ते आडोशासाठी धरलं.

शाळेत व्होलेन्स्की नावाचे पदार्थविज्ञानाचे मास्तर होते. पालकांच्या बैठकीत त्यांनी आयुष्याला मोठ्या तळ्याची उपमा दिली : मुलं एका काठानं पाण्यात उतरतात, सगळी पल्याड पोहोचत नाहीत, पण ग्रोफ पोहोचेल. पुस्तकाचं नाव तिथून आलं. मास्तरांच्या एका वाक्यावर माणूस पन्नास वर्षं कसा तरतो, हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर १९५६ मध्ये बुडापेस्ट उठलं, ४ नोव्हेंबरला रशियन रणगाड्यांनी ते चिरडलं. रस्त्यातून तरुणांना उचलून नेऊ लागले. ऑशविट्झमधून परतलेल्या, नात्यातल्या मांत्सीनं वीस वर्षांच्या आंद्राशला बजावलं की निघ, आणि आत्ताच निघ. दोस्तांबरोबर रात्री शेतं तुडवत तो ऑस्ट्रियात शिरला. जुन्या लष्करी जहाजातून ७ जानेवारी १९५७ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन बंदरात उतरला आणि ब्राँक्समध्ये नातेवाइकांकडे राहिला. ‘ग्रोफ’ नावाचा अमेरिकनांच्या तोंडी चुथडा व्हायचा, म्हणून त्यानं ग्रोव्ह केलं. हे त्याचं तिसरं आडनाव, आणि या वेळी स्वतः निवडलेलं.

सिटी कॉलेजात फी नव्हती. इंग्रजी कच्चं, कान अर्धे. प्राध्यापकांच्या ओठांकडे बघून तो व्याख्यानं समजून घ्यायचा, न कळलेलं रात्री पुस्तकातून भरून काढायचा. १९६० मध्ये केमिकल इंजिनीयरिंगच्या वर्गात पहिला आला. बर्कलीत १९६३ मध्ये डॉक्टरेट झाली, ती द्रवगतिशास्त्रात. मार्गदर्शक होते आंद्रेआस अ‍ॅक्रिव्होस, १९२८ साली अथेन्समध्ये जन्मलेले. त्यांचंही पोरवय जर्मनांच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये गेलेलं. दोघं एकमेकांशी त्याबद्दल काय बोलले असतील याची मला उत्सुकता आहे. बहुधा समीकरणांबद्दलच बोलले असतील.

फेअरचाइल्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यानं केलेलं काम अजूनही शिकवलं जातं. सिलिकॉनची चकती भट्टीत तापवली की तिच्यावर ऑक्साइडचा, म्हणजे काचेसारखा, पातळ थर चढतो. हा थर किती वेळात किती जाड होईल? सुरुवातीला तो वेळेच्या प्रमाणात वाढतो, कारण पृष्ठभाग उघडा असतो आणि ऑक्सिजनला थेट भेटतो. थर जाड झाला की ऑक्सिजनला त्यातून झिरपत खाली पोहोचावं लागतं आणि वाढ मंदावते. या दोन्ही अवस्था एका सूत्रात बसवणारं डील-ग्रोव्ह प्रारूप १९६५ चं. ब्रूस डील हा सहकारी. त्याच सुमाराला या मंडळींनी आणखी एक कोडं सोडवायला हातभार लावला. त्या काळचे मॉस ट्रान्झिस्टर आज एक वागत, उद्या दुसरं. त्याच्या मुळाशी मुख्यतः सोडियम निघाला, आपल्या मिठातला आणि घामातला. त्याचे आयन ऑक्साइडच्या थरात सरकत राहायचे आणि सगळी मापं बिघडवायचे. इतका क्षुल्लक मळ सापडला आणि आवरता आला, म्हणून पुढच्या चिप भरवशाच्या झाल्या.

हे काम करतानाच तो बर्कलीत वर्गही घ्यायचा. त्यातून १९६७ मध्ये ‘फिजिक्स अँड टेक्नॉलॉजी ऑफ सेमीकंडक्टर डिव्हायसेस’ हे पाठ्यपुस्तक झालं. त्यावर कित्येक देशांतले विद्यार्थी शिकले. १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी इंटेल काढली तेव्हा हा पहिल्या दिवसापासून बरोबर होता. १९८७ मध्ये कंपनीचा मुख्य अधिकारी झाला. इंटेलची कथा इतरांनी भरपूर लिहिली आहे, ती इथं नको. एवढंच सांगतो की कंपनी चालवतानाही त्यानं स्टॅनफर्डमधला तास सोडला नाही, वीस वर्षांहून जास्त शिकवलं. वर्गात आणि कंपनीत तो भयंकर फटकळ होता. पुरावा न आणता मत देणाऱ्याची धडगत नसे. काहींना तो जुलमी वाटला, आणि ते म्हणणं उडवून लावण्याजोगं नाही. भीती हा चांगला चाबूक असतो, असं तो स्वतः उघड म्हणायचा. भीतीतून वाचलेला माणूस दुसऱ्यांवर तीच वापरतो, ही गोष्ट काही त्याच्यापुरती नाही.

हंगेरीला तो परत कधीच गेला नाही. २००५ मध्ये त्यानं सिटी कॉलेजला २ कोटी ६० लाख डॉलर दिले, तिथली इंजिनीयरिंगची शाखा आता त्याच्या नावानं चालते. २१ मार्च २०१६ ला तो गेला.

महाराष्ट्राच्या मातीतही त्याच महायुद्धातली मुलं राहून गेली आहेत. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ पासून सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित होते, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. रशियनांनी सैबेरिया-कझाकस्तानात हाकललेली, इराणमार्गे इथवर आलेली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. छावणी उठली १९४८ साली, म्हणजे इकडं उस्मानाबादेत रझाकारी शिगेला पोचली होती त्याच वर्षी, आणि त्या जागी सिंधी निर्वासितांचं गांधीनगर झालं. ती पोलिश मुलं जगभर पांगली. म्हातारपणी लंडनमध्ये एकत्र येऊन त्यांनी कागदपत्रं आणि आठवणी जमवल्या आणि २००० मध्ये भारतातल्या दिवसांवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यांच्या मंडळाचे अध्यक्ष यान शेड्लेत्स्की व्यवसायानं आर्किटेक्ट. इथंही पुन्हा मोजमापाच्या धंद्यातला माणूस. साहित्यिकांची वाट न बघता हे लोक कामाला लागले.

मग आपली मुलं कुठं गेली? १९४२ साली वाशीच्या बाजूला जन्मलेला मुलगा घ्या. रझाकारीत तो सहा वर्षांचा. संस्थानात इंजिनीयरिंगचं शिक्षण होतं ते हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठात आणि उर्दूतून. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये निघालं, औरंगाबादचं सरकारी इंजिनीयरिंग कॉलेज १९६० मध्ये, म्हणजे नेमकं हा मुलगा अठरा वर्षांचा असताना. दार अगदी वेळेवर उघडलं. या भागातून जे थोडे त्यात शिरले ते पाटबंधारे खात्यात गेले, बांधकाम खात्यात गेले, काही पॉलिटेक्निकला शिकवू लागले. त्यांनी धरणांची अंदाजपत्रकं लिहिली, मोजणीची पुस्तकं भरली, काहींनी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकंही केली. वाक्य कसं नेमकं ठेवायचं हे त्यांना येतं. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करायची त्यांना सवय आहे. ‘आमच्या पांढरीवर असं झालं’ म्हणून गावाची बाजू घेण्याचा मोह त्यांनाही होईल, पण पातळी यंत्र बाजू घेत नाही हे ते आयुष्यभर शिकवत आलेत.

शिवाय आता त्यांना गावातल्या कुणाची भीती बाळगायचं कारण उरलेलं नाही. ज्यांची नावं घ्यायची ते गेले, ज्यांनी जमिनी बळकावल्या त्यांच्या वाटण्यासुद्धा दोनदा होऊन गेल्या. अडचण असलीच तर घरातली. लेक म्हणते, अप्पा, कशाला उकरून काढता. नातू पुण्यात चिपच्याच धंद्यात असतो, त्याला फोनवर सगळं ऐकायचं असतं, पण रविवारी.

यातल्या बहुतेकांची सेवापुस्तिकेतली जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. आईला विचारलं तर ती सांगायची, रझाकारीच्या आधी, बाजरी काढायला आली होती तेव्हा झाला. खरी तारीख कोणती हे कोणत्याही कार्यालयात नोंदलेलं नाही. बाजरी कोणत्या महिन्यात निघते ते मात्र माहीत आहे, आणि इंजिनीयरला सुरुवात करायला तेवढं पुरतं.